कागद आढळून येत नाही

‘आपण मागितलेल्या माहितीचा या कार्यालयाच्या अभिलेखात शोध घेतला असता ती आढळून येत नाही. सबब माहिती निरंक समजावी.’ महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज ज्यांनी एकदोनदा तरी केला आहे, त्यांना या धाटणीचे पत्र नवे नाही. खाली जन माहिती अधिकाऱ्याची सही, गोल शिक्का आणि जावक क्रमांक असतो. तारीख बहुधा तीस दिवसांची मुदत संपता संपताची असते. पत्राची भाषा सौजन्याची असते आणि कुणी काही नाकारल्याचा मागमूसही त्यात नसतो. शोध घेतला, मिळाले नाही, विषय संपला.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ मध्ये नकाराची कारणे मोजून दिली आहेत. देशाची सुरक्षा, न्यायालयाचा मनाई आदेश, विधिमंडळाचा हक्कभंग, व्यापारी गुपित, खबऱ्याचा जीव, चालू तपास, मंत्रिमंडळाचे कागद, खाजगी माहिती अशी कलम ८ ची यादी आहे आणि तिच्या जोडीला कलम ९ आहे. नकार द्यायचा तर कोणत्या कलमाखाली, का, आणि अपील कुणाकडे व किती दिवसांत करायचे, हे लेखी सांगावे लागते. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही कायद्याने अधिकाऱ्यावरच टाकली आहे. ‘कागद सापडत नाही’ हे कारण या यादीत कुठेच नाही. तरीही राज्य शासनाच्या कार्यालयांत सर्वांत निर्धास्तपणे चालणारा नकार हाच आहे, कारण तो नकार म्हणून नोंदलाच जात नाही.

माहिती अधिकाराच्या चर्चेत गुप्ततेचा बाऊ फार झाला. १९२३ चा शासकीय गुपिते अधिनियम, सरकारी बाबूंची झाकपाक करण्याची सवय, गोऱ्या साहेबाचा वारसा, हे सगळे खरे आहे. पण कलम २२ ने त्या जुन्या कायद्यावर नव्या कायद्याला वरचढ ठरवले, त्याला वीस वर्षे होऊन गेली. जिल्हा पातळीवरच्या एखाद्या कार्यालयात आज अर्ज अडतो तो देशाच्या सुरक्षेपाशी नव्हे, रेकॉर्ड रूमच्या दाराशी. फाइल कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसते, किंवा ठाऊक नसणे सोयीचे असते. माहितीचा अधिकार हा मुळात नोंदींचा अधिकार आहे, आणि आपल्या राज्याने नोंदी ठेवण्याच्या कामाला सगळ्यांत खालची खुर्ची दिली आहे.

दप्तर कुणासाठी ठेवले जाते, हा प्रश्न महाराष्ट्राला तसा जुना आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि पेशव्यांचे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनाम कमिशनने त्यांचा कसून वापर केला. कुणाचे इनाम खरे, कुणाचे खोटे, कुणाची सनद अस्सल, हे रयतेच्या नावांसमोर पडताळून पाहायला सरकारला ते कागद हवे होते. पुण्यात त्या दप्तरासाठी १८९१ मध्ये स्वतंत्र दगडी इमारत उभी राहिली. पण त्याच कागदांतून आपला इतिहास लिहू पाहणाऱ्या एतद्देशीय अभ्यासकांना ते दार बराच काळ बंद होते. वि. का. राजवाडे गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवरून कागदांचे रुमाल गोळा करत हिंडले आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापू लागले, त्यामागे हेही एक कारण होते. सरकारी दप्तर मिळत नव्हते, म्हणून खाजगी दप्तर शोधावे लागले. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले ते १९३० नंतर, म्हणजे पेशवाई जाऊन शतक उलटल्यावर.

यात इंग्रज दुष्ट होता एवढाच अर्थ काढला तर मुद्दा हुकेल. दप्तर ही राज्यकर्त्याने प्रजेकडे बघण्याची खिडकी होती, आणि ती एकाच बाजूने उघडत असे. स्वातंत्र्यानंतरही तिची दिशा फारशी बदलली नाही. सातबारा बघा. तलाठ्याच्या दप्तरातली ही नोंद शेतकऱ्याविषयी शासनाने ठेवलेली आहे. तिच्यात चुका असतात, त्यांवरून पिढ्यानपिढ्या दावे चालतात, पण ती असते. तिला फेरफार क्रमांक असतो, आणि २०१८ पासून ती डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळते. आता त्याच शेतकऱ्याने विचारावे, की आपल्या गटाशेजारच्या जमिनीचे आरक्षण बदलण्याचा निर्णय मंत्रालयात कोणत्या टिपणीवर झाला. नागरिकाविषयीचा कागद सेकंदात निघतो. शासनाने स्वतः काय केले, याचा कागद ‘शोध घेऊनही’ निघत नाही. दोन्ही कागद एकाच शासनाचे आहेत. फरक आहे तो कोणता कागद हरवला तर कुणाची अडचण होते, याचा.

कायदा करणाऱ्यांना हे कळले नव्हते असे नाही. अधिनियमाचे कलम ४ सुरू होते तेच मुळी अभिलेखांपासून. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध व निर्देशांकित ठेवावेत आणि संगणकीकृत करण्याजोगे असतील ते संगणकावर आणावेत, असे पोटकलम (१)(क) सांगते. त्याच्या पुढच्या खंडात सतरा बाबी स्वतःहून प्रसिद्ध करण्याचे बंधन आहे आणि त्याला एकशे वीस दिवसांची मुदत आहे. अभिलेखांच्या बाबतीत मात्र मुदत ‘वाजवी कालावधीत’ आणि ‘साधनसंपत्तीच्या उपलब्धतेनुसार’ अशी घातली गेली. सरकारी व्यवहारात या दोन शब्दप्रयोगांचे एकत्र वजन किती, हे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. सतरा बाबींची पुस्तिका बहुतेक कार्यालयांनी एकदाची छापली, पुढे संकेतस्थळावर टाकली आणि बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या नावासह ती तिथे तशीच राहिली. सूचीचे काम ‘वाजवी कालावधीत’ होणार होते. ते अजून होतेच आहे.

गंमत अशी की दप्तर लावण्याचे शास्त्र महाराष्ट्राला कुणी बाहेरून शिकवायची गरज नाही. महसुली कार्यालयांत आजही ‘सहा गठ्ठे पद्धत’ शिकवली जाते. अँडरसन नावाच्या आय.सी.एस. अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलेली ही पद्धत सोपी आहे. प्रलंबित प्रकरणे वेगळी, उत्तराची वाट बघणारी वेगळी, ठरावीक तारखांना पाठवायची नियतकालिके वेगळी, स्थायी आदेश वेगळे, अभिलेख कक्षात पाठवायची वेगळी आणि नष्ट करायची वेगळी. कागदांचेही वर्ग ठरलेले आहेत. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘क’ दहा वर्षांचा, ‘क-१’ पाच वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. १९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी असताना त्यांनी याच शिस्तीत नवा जीव ओतला. लाल कापडात बांधलेले ढीग सोडवून, वर्गवारी करून, निरुपयोगी कागद काढून कार्यालय माणसांना वावरता येईल असे केले. ‘लखिना पॅटर्न’ हे नाव त्यानंतर राज्यभरच्या कचेऱ्यांत रूढ झाले. त्याच अहमदनगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, राळेगणसिद्धीतून माहिती अधिकाराचे राज्यव्यापी आंदोलन उभे राहिले. एका जिल्ह्याने दप्तर लावायचे कसे हे दाखवले आणि ते उघडायचे कसे हेही. पण या दोन गोष्टी परस्परांना भेटल्या नाहीत. लखिना पॅटर्न प्रशासकीय सुधारणा म्हणून प्रशिक्षणाच्या टिपणांत राहिला आणि माहिती अधिकार आंदोलन म्हणून मैदानावर.

या आंदोलनाची मुळे राजस्थानातल्या रोजगाराच्या मस्टरमध्ये होती. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरात कोट किराना गावात पहिली जनसुनावणी घेतली. कामाचे मस्टर गावासमोर मोठ्याने वाचायचे आणि ज्यांची नावे आहेत त्यांनी उठून सांगायचे, असा साधा मामला होता. नावे वाचली जाऊ लागली तशी कामावर कधीच न गेलेल्यांची, परगावी असलेल्यांची, मेलेल्यांची मजुरी उचलली गेल्याचे बाहेर येऊ लागले. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणे झाले, त्याची मागणीही याच कागदांच्या प्रतींची होती. रोजगार हमी योजनेची जन्मभूमी असलेल्या महाराष्ट्राला मस्टर काय चीज असते हे वेगळे सांगायला नको. इकडे गोव्याने १९९७ मध्येच आपला कायदा केला. महाराष्ट्राने २००० मध्ये एक केला, तो इतका पोकळ होता की त्याच्यापेक्षा अपवादांचीच यादी मोठी वाटावी. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने २००२ चा नवा कायदा आला, आणि त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली ती ऑगस्ट २००३ मध्ये, अण्णा आझाद मैदानावर उपोषणाला बसल्यावर. माहिती वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड ही कल्पना या कायद्यात होती. केंद्राच्या कायद्यात ती दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, अशी आली.

राज्याच्या कायद्याचा पहिला मोठा कस पोलिसांच्या बदल्यांवर लागला. माहिती अधिकार कार्यकर्ते शैलेश गांधी यांनी मागितले होते ते इतकेच, की बदल्यांसाठी कोणत्या राजकारण्यांनी शिफारशी केल्या त्यांची यादी द्या. शिफारसपत्रे फाइलीत होती, म्हणूनच यादी शेवटी बाहेर आली. आमदार-खासदार बदल्यांत हात घालतात ही चावडीवरची गोष्ट होती. कागदाने ती सरकारी गोष्ट केली. हेच गांधी पुढे २००८ ते २०१२ या काळात केंद्रीय माहिती आयुक्त होते. पण या प्रकरणाची एक बाजू फारशी बोलली जात नाही. शिफारस लेखी होती, म्हणून सापडली. यादी बाहेर आल्यावर शहाण्यासुरत्या माणसांनी त्यातून काय धडा घेतला असेल, ते ओळखायला ज्योतिषी नको. फोनवरच्या शिफारशीला जावक क्रमांक नसतो.

अर्ज करणे तसे अवघड नाही. जोडपत्र ‘अ’ मधला नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, झेरॉक्सचे पानाला दोन रुपये. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला शुल्क नाही. माहिती का हवी, हे विचारण्याचा अधिकार कार्यालयाला नाही. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करायचा असतो. २०१२ मध्ये राज्य शासनाने नियम बदलून अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणतः दीडशे शब्दांचा असावा, असे घातले. खरी गोम मात्र शब्दसंख्येत नाही. मागायचे काय, हे कळण्यात आहे.

समजा, गावाबाहेरचा रस्ता दुसऱ्याच पावसाळ्यात उखडला. चिडलेला गावकरी सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागाला लिहितो, ‘रस्ता इतक्या लवकर का खराब झाला, याला जबाबदार कोण, कारवाई का झाली नाही?’ उत्तर येते की माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही. आणि कायदेशीरदृष्ट्या ते उत्तर बरोबर असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्येच स्पष्ट केले, की ‘का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणजे माहिती नव्हे. माहिती म्हणजे कार्यालयाकडे कोणत्या ना कोणत्या रूपात असलेली नोंद. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात सांगितले, की नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. मग जाणता अर्जदार काय करतो? तो प्रश्न विचारत नाही, कागद मागतो. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, निविदेतल्या अटी, कार्यारंभ आदेश, साहित्याच्या चाचणीचे अहवाल, अंतिम देयक, दोषदायित्वाचा कालावधी, आणि या सर्वांहून महत्त्वाची मोजमाप पुस्तिका. बांधकाम खात्यात जिला ‘एम.बी.’ म्हणतात ती ही वही. खडी किती इंच पडली, डांबराचा थर किती, लांबी-रुंदी किती, याची मोजमापे कनिष्ठ अभियंता तिच्यात लिहितो, उपअभियंता तपासतो आणि तिच्या आधारे ठेकेदाराचे बिल निघते. कलम २(ञ) तर याच्या पुढे जाते. नागरिकाला कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचा प्रमाणित नमुनाही मागता येतो. म्हणजे पुस्तिकेतला थर आणि रस्त्यावरचा थर शेजारी शेजारी ठेवून बघता येतात.

इथेच ‘आढळून येत नाही’ची खरी किंमत कळते. ‘का’ विचारू नका, कागद मागा, असे न्यायालय सांगते. कागद मागावा तर कार्यालय म्हणते, कागद नाही. एका दाराने प्रश्न बंद झाला आणि दुसऱ्याने उत्तर. न्यायालयांनी माहितीची व्याख्या अस्तित्वातल्या नोंदीपुरती मर्यादित केली ती तर्काला धरूनच होती. तिचा अटळ परिणाम असा झाला, की नोंद अस्तित्वात ठेवणाऱ्याच्या हाती सगळा अधिकार एकवटला. मोजमाप पुस्तिकेला क्रमांक असतो, पानांना क्रमांक असतात, ती कुणाकडून कुणाकडे गेली याची नोंदवही असते. अशी वही हरवणे ही वास्तविक लेखाशिस्तीतली गंभीर घटना. माहिती अधिकाराच्या उत्तरात मात्र ती एका ओळीत उरकते.

फाइल हरवणे म्हणजे काय, हे ‘आदर्श’ सोसायटीच्या प्रकरणाने साऱ्या राज्याला दाखवले. कुलाब्यातली ती एकतीस मजली इमारत, कारगिलच्या नावाने घेतलेली जागा, आणि मंत्र्यांपासून सनदी व लष्करी अधिकाऱ्यांपर्यंतच्यांच्या नात्यागोत्यात वाटलेले फ्लॅट. हे उघड होण्यात माहिती अधिकारात मिळवलेल्या कागदांचा मोठा वाटा होता. नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. आणि त्याच सुमारास बाहेर आले, की नगरविकास विभागाच्या फाइलीतली काही महत्त्वाची पानेच गायब आहेत. ती गेली कुठे, याचाही तपास केंद्रीय अन्वेषण विभागाला करावा लागला. एवढ्या गाजलेल्या, सगळ्यांचे लक्ष लागलेल्या फाइलीची ही गत असेल, तर तालुक्याच्या कचेरीतल्या फाइलीचे काय सांगावे? पुढे २१ जून २०१२ रोजी मंत्रालयालाच आग लागली. पाच माणसे गेली, वरचे मजले खाक झाले आणि फाइलींचे ढिगारे जळाले. त्यानंतर फाइलींची पुनर्बांधणी, स्कॅनिंग, ई-ऑफिस या गोष्टींना वेग आला. तोवर प्रत दुसरीकडे ठेवण्याची गरज कुणालाच फारशी वाटली नव्हती, हेच त्या आगीच्या उजेडात दिसले.

अभिलेख हरवणे हा गुन्हा ठरू शकतो, हे अनेक अधिकाऱ्यांना ऐकून आश्चर्य वाटते. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा माहिती अधिकाराच्याच वर्षीचा राज्याचा कायदा. ठरवून दिलेल्या पद्धतीशिवाय अभिलेख हलवता वा नष्ट करता येत नाही आणि तसे करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो, असे तो म्हणतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले, की एकेकाळी कार्यालयाकडे असलेली माहिती ‘सापडत नाही’ एवढ्यावर नाकारता येणार नाही. कसून शोध घ्यावा लागेल आणि तरीही मिळाली नाही तर चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागेल. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात गुन्हा नोंदवण्याची दिशा दाखवली. म्हणजे दात कायद्याला आहेत. चावण्याची वेळ आली की ते पेल्यात काढून ठेवले जातात, इतकेच. ‘कागद मुदतीनंतर नष्ट केला’ असे उत्तर आले, तर तो कोणत्या वर्गातला होता, नष्ट करण्याचा आदेश कुणी दिला आणि त्या दिवशीची नाशयादी कुठे आहे, असा पुढचा अर्ज मुरलेले कार्यकर्ते करतात. बहुधा ती यादीही आढळून येत नाही.

वीस वर्षांच्या हिशेबात आणखी एक विसंगती दडलेली आहे. कलम ८(३) प्रमाणे अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षे घडलेल्या घटनेची माहिती बहुतांश अपवाद बाजूला सारून द्यावी लागते. सार्वभौमत्व, विधिमंडळाचे विशेषाधिकार, मंत्रिमंडळाचे कागद एवढेच मागे उरतात. तत्त्व उदात्त आहे. पण कार्यालयाच्या वर्गवारीत ‘क’ वर्गातला कागद दहाव्या वर्षी रद्दीत जातो. कायदा ज्या दिवशी कुलूप काढतो, त्या दिवसाच्या दहा वर्षे आधीच खोली रिकामी झालेली असते. दोन्ही नियम शासनाचेच आहेत आणि ते शेजारी ठेवून कुणी बघितलेले दिसत नाही.

कार्यालयाच्या टेबलापलीकडे बसलेल्या माणसाची बाजूही ऐकायला हवी. जन माहिती अधिकारी म्हणजे कुणी खास नेमलेला माणूस नसतो. कक्ष अधिकारी, नायब तहसीलदार, ग्रामसेवक यांनाच आपले रोजचे काम सांभाळून हे करावे लागते. रेकॉर्ड कीपरचे पद रिक्त असते किंवा शिक्षा म्हणून दिलेले असते. त्यात काही अर्जदार एकाच कार्यालयाला शेकड्यांनी अर्ज टाकतात. काहींचा धंदाच तो आहे. बांधकाम परवान्याची माहिती मागायची आणि मग बिल्डरशी तोडपाणी करायचे. हे नाकारण्यात अर्थ नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या त्याच निकालात कर्मचाऱ्यांचा बहुतेक वेळ माहिती पुरवण्यातच जाऊ नये, असा इशारा दिला होता. पण तोडपाणी करणाऱ्याची ताकद येते कुठून? जी माहिती मुळात सर्वांसाठी उघडी असायला हवी ती त्याच्या एकट्याच्या हाती असते, म्हणून. परवान्याची फाइल संकेतस्थळावर असेल तर तिचे विकायचे मोल शून्य. आणि शेकडो अर्जांचा भारही सूचीबद्ध दप्तरात अर्ध्याहून कमी होईल, कारण वेळ जातो तो द्यायला नव्हे, शोधायला.

पुणे महापालिकेने यावर एक साधा उपाय काढला होता. दर सोमवारी दुपारी तीन ते पाच, कोणीही यावे आणि अर्जाविना फाइली बघाव्यात. २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाने ही पद्धत राज्यभरच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना आणि जिल्हास्तरीय कार्यालयांना लागू केली. ज्याला फाइल बघूनच शंका फिटते तो अर्ज करत नाही, अपिलात जात नाही. कार्यालयाचा कागद वाचतो, टपाल वाचते. हा निर्णय आपल्या कार्यालयाला लागू आहे हे किती विभागप्रमुखांना माहीत आहे, याची परीक्षा कोणत्याही सोमवारी दुपारी घेता येईल.

कागद असून माणूस गायब, असा एक नवा प्रकार आता दाराशी आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याने माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये केलेला बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आला. पूर्वी खाजगी माहिती नाकारायची तर तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही, किंवा ती दिल्याने व्यक्तीच्या खाजगीपणावर अनाठायी आक्रमण होते, हे दाखवावे लागे. शिवाय संसदेला वा विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी पुस्ती होती. आता वैयक्तिक माहिती एवढे म्हटले की पुरे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची कलम ८(२) मधली वाट शिल्लक आहे, पण तिथे तोलून बघण्याचे काम अधिकाऱ्याच्या मर्जीवर. कोट किरानाचे मस्टर नावांशिवाय वाचले असते तर त्या गावात कुणी उठून काय सांगितले असते? रेशनची यादी, घरकुलाचे लाभार्थी, पीक विम्याची भरपाई, बदल्यांच्या शिफारशी, यांतली नावे काळी केली की उरतो तो आकड्यांचा कागद. तो आढळून येतो आणि त्यातून काहीच आढळत नाही.

नावे महत्त्वाची असतात, हे ज्यांच्या जिवावर उठले त्यांनी चांगलेच ओळखले होते. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी जमिनीच्या व्यवहारांचे कागद खणून काढत असत. १३ जानेवारी २०१० च्या सकाळी त्यांचा भर रस्त्यात खून झाला.

माहिती नाकारली किंवा ती ‘आढळून येत नाही’ म्हटले, तर दाद मागायची जागा म्हणजे राज्य माहिती आयोग. कार्यालयातल्याच वरिष्ठाकडे पहिले अपील तीस दिवसांत करायचे, तिथे काही झाले नाही तर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरे. आयोगाने किती दिवसांत निकाल द्यावा, हे मात्र कायदा सांगत नाही. सतर्क नागरिक संगठनाच्या पाहणीप्रमाणे जून २०२४ अखेर महाराष्ट्राच्या आयोगापुढे एक लाखाहून अधिक प्रकरणे पडून होती, देशातल्या कोणत्याही आयोगापेक्षा जास्त. आयुक्तांची पदे रिकामी ठेवू नका, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये बजावूनही खंडपीठांवरच्या खुर्च्या रिकाम्या राहत आल्या आहेत. दुसरे अपील सुनावणीला येईपर्यंत रस्त्याचा दोषदायित्व कालावधी संपतो, अभियंता बदलून जातो आणि ‘क-१’ वर्गाची पाच वर्षे भरत आलेली असतात.

तरीही आयोगाच्या हाती एक हत्यार आहे, ते फारसे बाहेर निघत नाही. कलम १९(८) प्रमाणे आयोग केवळ माहिती द्या असे सांगून थांबायला बांधलेला नाही. अभिलेख ठेवण्याच्या, सांभाळण्याच्या आणि नष्ट करण्याच्या पद्धतीत बदल करा, असा आदेशही तो कार्यालयाला देऊ शकतो. एकेका अर्जदाराला एकेक कागद मिळवून देण्यापेक्षा एखाद्या विभागाला त्याच्या चार जिल्ह्यांतल्या मोजमाप पुस्तिकांची सूची सहा महिन्यांत प्रसिद्ध करायला लावली, तर पुढची शेकडो अपिले जन्मालाच येणार नाहीत.

आणि मोजदादही बदलावी लागेल. कलम २५ खाली आयोग दरवर्षी अहवाल करतो. किती अर्ज आले, किती नाकारले, नाकारताना अधिनियमाची कोणती तरतूद किती वेळा वापरली, हे त्यात यावे असे कायद्याने सांगितले आहे. ‘आढळून येत नाही’ ही कोणतीच तरतूद नसल्याने कलमात सांगितलेल्या तपशिलात तिच्यासाठी जागा नाही. उत्तर दिले, अर्ज निकाली निघाला. हा एक रकाना वाढवायला कायदा बदलावा लागत नाही. राज्य शासनाचे परिपत्रक पुरते. कोणत्या विभागाचे किती कागद एका वर्षात सापडले नाहीत, त्यांपैकी किती प्रकरणांत चौकशी झाली आणि किती ठिकाणी सार्वजनिक अभिलेख अधिनियमाखाली गुन्हा नोंदला गेला, असे तीन आकडे विभागवार विधिमंडळाच्या पटलावर आले, तर नगरविकास, जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकाम यांतला पहिला क्रमांक कुणाचा, याची चर्चा निदान कागदाच्या आधारे तरी करता येईल.